तिथीवर चालणारी वाट

मालवणच्या दांडी किनाऱ्यासमोर, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या लांबलचक तटबंदीच्या अलीकडे, खडकाच्या एका लहानशा बेटावर पद्मगडाचे अवशेष आहेत. ओहोटीच्या वेळी किनाऱ्यापासून या बेटापर्यंत वाळूचा पट्टा उघडा पडतो आणि लहान मुलांना हाताशी धरून, कुठे कोरड्या वाळूतून तर कुठे घोटाभर पाण्यातून, पलीकडे जाता येते. काही तासांनी त्याच जागेवरून होड्या ये-जा करतात. आता एखादे कुटुंब पौर्णिमेच्या रविवारी सायंकाळी पाच वाजता या वाटेने आनंदाने जाऊन आले आणि त्यांचे ऐकून शेजारचे कुटुंब पुढच्याच रविवारी बरोबर पाच वाजता तेथे पोहोचले, तर त्याला वाट सापडत नाही. किनारा तोच, वार तोच, घड्याळातली वेळही तीच, आणि समोर मात्र कमरेच्या वर पाणी असते.

घाटावरून येणाऱ्या माणसाला हे कोडे वाटते, कारण डोंगरातली पायवाट एकदा मळली की ती सकाळी असते तशीच सायंकाळी असते. मालवणच्या किनाऱ्यावरील वाट मात्र कोणी मळवलेली नसते. ती चंद्र, लाटा, वाळू आणि नदी यांनी मिळून घातलेली असते आणि त्यांच्या हिशोबाप्रमाणे ती उघडते, मिटते व जागाही बदलते. मुलाबाळांसह आणि वडीलधाऱ्यांसह येथे चालायचे असेल, तर किती किलोमीटर चालायचे या प्रश्नाआधी हा हिशोब समजून घेणे अगत्याचे आहे. आणि तो अवघडही नाही.

एका दोराला दोघांची ओढ

चंद्राचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या त्याच्याकडील बाजूवर थोडे अधिक आणि विरुद्ध बाजूवर थोडे कमी असते, व या फरकामुळे समुद्राचे पाणी चंद्राच्या दिशेने आणि त्याच्या नेमक्या उलट दिशेने असे दोन्हीकडे किंचित फुगते. पृथ्वी स्वतःभोवती फिरताना कोणताही किनारा या दोन्ही फुगवट्यांखालून जातो, म्हणून दिवसातून साधारणपणे दोन भरत्या व दोन ओहोट्या येतात. परंतु पृथ्वीची एक फेरी पुरी होईपर्यंत चंद्रही आपल्या कक्षेत थोडा पुढे सरकलेला असतो. घड्याळाचा मिनिटकाटा बारावर परत येतो तेव्हा तासकाटा पुढे गेलेला असतो आणि त्याला गाठण्यासाठी मिनिटकाट्याला आणखी थोडे चालावे लागते, तसेच किनाऱ्याचेही होते. चंद्राखाली पुन्हा येण्यासाठी त्याला २४ तास नव्हे, तर सुमारे २४ तास ५० मिनिटे लागतात, आणि म्हणूनच आजची भरती उद्या सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. सात दिवसांत हा उशीर जवळजवळ सहा तासांचा होतो, म्हणजे ओहोटीच्या जागी भरती येऊन उभी राहते. शेजारच्या कुटुंबाची वाट हरवली ती या सहा तासांत.

दररोज पाणी सारख्याच प्रमाणात चढत-उतरत नाही, याचे कारण सूर्य आहे. सूर्य फार दूर असल्याने भरती घडवण्यात त्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी पडतो, पण तो दुर्लक्ष करण्याजोगा नसतो. मालवणी किनाऱ्यावर रापण लावतात, म्हणजे होडीतून समुद्रात अर्धवर्तुळाकार जाळे सोडून त्याचे दोर किनाऱ्यावरील माणसे मिळून ओढतात, हे अनेकांनी पाहिलेले असते. त्या दोराला सारे एकाच दिशेने ओढ देत असतील तर जाळे सरसर पुढे येते, आणि काहीजण आडव्या दिशेने ओढू लागले तर जोर वाया जातो. अमावास्येला व पौर्णिमेला सूर्य, पृथ्वी आणि चंद्र जवळपास एका रेषेत येऊन दोघांची ओढ एकवटते; अष्टमीच्या सुमारास ते काटकोनात असल्याने एकाचा जोर दुसरा कमी करतो. पहिल्या स्थितीला उधाण म्हणतात व दुसरीला भांग. उधाणात पाणी खूप चढते आणि तितकेच दूर ओसरते, तर भांगात ते धड चढतही नाही आणि धड उतरतही नाही. पाणी अवाढव्य असल्याने त्याला हलायला वेळ लागतो, म्हणून सर्वांत मोठे उधाण पौर्णिमेच्या वा अमावास्येच्या दिवशीच न येता बहुधा एक-दोन दिवसांनी येते.

किनाऱ्याचा आकार आणि समुद्रतळाचा उतार यांचीही या हिशोबात भर पडते. मुंबईसमोर समुद्रतळ दूरवर उथळ आहे आणि उत्तरेकडे खंभातच्या आखातात पाणी नरसाळ्यात कोंडल्यासारखे होते, म्हणून मुंबईला उधाणात भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरपर्यंत जातो. मालवणला तो साधारण दोन मीटरच्या आसपास राहतो. मुंबईच्या समुद्राची सवय असलेल्या माणसाला मालवणची ओहोटी त्यामुळे लहान वाटते, पण सपाट वाळूवर दोन मीटरही बरीच मोठी वाट उघडी करतात.

पंचांगातील भरती

कोंकणातील दर्यावर्दी आणि कोळी-गाबित समाजाने भरतीचे वेळापत्रक छापील स्वरूपात येण्याच्या कितीतरी आधी तिथीवर बसवले होते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते, हा तो आडाखा होय. यामागे वर सांगितलेलेच कारण आहे, कारण तिथी म्हणजे चंद्राने सूर्यापासून आकाशात घेतलेले अंतरच असते आणि प्रत्येक तिथीमागे भरती पाऊण तासाने, किंबहुना त्याहून थोडी अधिक, पुढे ढकलली जाते.

> चौकट : तिथीवरून भरती
> शुक्ल वा कृष्ण पक्षातील तिथीचा आकडा × पाऊण = भरतीची अंदाजे वेळ (पहाटेची व दुपारनंतरची दोन्ही).
> चतुर्थी : ४ × पाऊण = ३ वाजता भरती, सुमारे ९ वाजता ओहोटी.
> अष्टमी : ८ × पाऊण = ६ वाजता भरती, सुमारे १२ वाजता ओहोटी (पाणी फारसे ओसरत नाही).
> पौर्णिमा व अमावास्या : १५ × पाऊण = सव्वाअकरा वाजता भरती, सायंकाळी साडेपाचच्या सुमारास ओहोटी (पाणी खूप ओसरते).
> हा अंदाज अर्ध्या-पाऊण तासाने चुकू शकतो.

आडाखा हा आडाखाच असतो, आणि मुले बरोबर असताना त्याच्यावर पूर्ण विसंबणे योग्य नव्हे. या किनाऱ्यावर एकाच दिवसाच्या दोन ओहोट्याही सारख्या नसतात. एक खोल असते तर दुसरी उथळ, आणि ते तिथीच्या साध्या गुणाकारातून कळत नाही. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीचे तक्ते प्रसिद्ध करतो, आणि हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजे इन्कॉइस, उंच लाटांचे व उधाणाचे इशारेही देते. निघण्यापूर्वी ते पाहावेत. आडाख्याचा उपयोग मात्र मोठा आहे, कारण तो पूर्ण महिन्याचे चित्र एका दृष्टिक्षेपात दाखवतो. त्यातून दिसणारी एक गोष्ट मालवणला येणाऱ्या कुटुंबांच्या विशेष सोयीची आहे. येथे पाणी सर्वाधिक ओसरण्याचे दिवस पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचे असतात, आणि त्या दिवसांत ओहोटी पहाटे व सायंकाळी, म्हणजे ऊन नसताना येते. अष्टमीची ओहोटी भर दुपारी येते, पण ती तशीही तोकडी असते. म्हणून मालवणच्या सहलीची तारीख सुट्टीबरोबरच तिथी पाहूनही ठरवावी.

मधल्या दोन तासांची घाई

भरतीची वेळ कळली तरी धोका टळतोच असे नाही, कारण पाणी ठरावीक गतीने चढत नाही. झोपाळा दोन्ही टोकांना क्षणभर थबकतो आणि मध्यावर सर्वांत वेगाने जातो. समुद्राचेही तसेच आहे. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सुमारे सहा तासांत एकूण चढणाऱ्या पाण्याचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन व सहाव्यात एक असे ते ढोबळमानाने चढते. मालवणच्या दोन मीटरच्या उधाणात पहिल्या तासात जेमतेम सतरा सेंटीमीटर पाणी वाढते, तर तिसऱ्या तासात तब्बल अर्धा मीटर. ज्या वाळूचा उतार पन्नास पावलांत एक पाऊल इतका सौम्य आहे, तेथे अर्धा मीटर चढणे म्हणजे पाण्याची कड एका तासात पंचवीस मीटर आत येणे होय.

माणसे फसतात ती या पहिल्या तासाच्या संथपणाला. पद्मगडावर पोहोचल्यावर पाणी जागचे हलतच नाही असे वाटते, डबा उघडला जातो, मुले खडकात खेळू लागतात, आणि परतायला निघेपर्यंत घाईचा काळ सुरू झालेला असतो. त्यामुळे ही वाट ओहोटीच्या क्षणाआधी तासभर धरावी आणि पाणी पूर्ण ओसरण्याच्या सुमारासच परत फिरावे. आणि निघण्यापूर्वी दांडीवर जाळी सांधत बसलेल्या कोणालाही विचारावे, कारण वाळूचा उंचवटा त्या आठवड्यात नेमका कोठे आहे हे तक्त्यात छापलेले नसते. वाट बंद असेल तर हळहळण्याचे कारण नाही. त्याच किनाऱ्याने दांडेश्वराच्या मंदिरापर्यंत आणि मोरयाच्या धोंड्यापर्यंत वाळूवरून चालत जाता येते. या खडकावर गणपती, सूर्य आणि चंद्र यांच्या आकृती कोरलेल्या आहेत, आणि २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाच्या बांधकामाचा प्रारंभ करताना शिवाजी महाराजांनी येथेच पूजा केली असे परंपरा सांगते. समुद्रात कुरटे बेटावर किल्ला उभारणाऱ्यांनी ज्याच्या हिशोबावर तीन वर्षे दगड-चुन्याची वाहतूक सांभाळली असेल, तो चंद्र त्या खडकावर कोरलेला पाहून मुलांना भरतीचे कोडे सांगायला यापेक्षा चांगली जागा शोधावी लागत नाही.

पावलाखाली पांढरी होणारी वाळू

किनाऱ्यावर अर्धा तास चालून थकलेली आजी आणि तासभर पळूनही न थकलेला नातू यांच्यातील फरक केवळ वयाचा नसतो; बहुतेक वेळा दोघे वाळूच्या वेगवेगळ्या पट्ट्यांवरून चाललेले असतात. सुरूच्या वा माडांच्या बाजूची कोरडी वाळू पाऊल पडताच चहूबाजूंना सरकते, कारण तिच्या कणांना एकमेकांशी धरून ठेवणारे काही नसते, आणि प्रत्येक पावलाची शक्ती कण ढकलण्यात खर्च होते. अगदी पाण्याच्या कडेची, नुकतीच लाट फिरलेली वाळू पाण्याने इतकी तुडुंब असते की कण जवळजवळ तरंगत असतात व पाऊल रुतते. या दोहोंच्या मधला, लाट ओसरून थोडा वेळ झालेला ओलसर पट्टा मात्र फरशीसारखा टणक असतो. तेथे कणांच्या मधल्या फटींत पाण्याचा पातळ पापुद्रा उरलेला असतो, आणि तो कणांना एकमेकांकडे खेचून धरतो. कोरडे पीठ हातातून निसटते आणि थोडे पाणी शिंपडताच त्याचा गोळा वळता येतो, तसाच हा प्रकार आहे. वृद्धांसाठी, बाबागाडीसाठी आणि अनवाणी चालणाऱ्यांसाठी हाच पट्टा योग्य, आणि ओहोटीत तो सर्वांत रुंद असतो.

या पट्ट्यावर पाऊल ठेवताच एक चमत्कारिक गोष्ट घडते व ती मुलांच्या नजरेतून सहसा सुटत नाही. पावलाभोवतीची ओली, काळसर वाळू क्षणात पांढरी व कोरडी दिसू लागते, जणू पायाने पाणी बाहेर पिळून काढले असावे. प्रत्यक्षात नेमके उलट घडलेले असते. लाटांनी वारंवार थोपटल्यामुळे येथील कण अत्यंत दाटीने बसलेले असतात. बरणीत ठोकून ठोकून भरलेल्या तांदळात बोट घालू लागले तर ते सहजी जात नाही, कारण दाण्यांना हलायचे असेल तर आधी एकमेकांवर चढून जागा करावी लागते. पावलाच्या दाबाने वाळूचे कणही असेच एकमेकांवर चढतात, त्यांच्यामधील फटी मोठ्या होतात, आणि पृष्ठभागावरचे पाणी त्या भरून काढण्यासाठी खाली शोषले जाते. म्हणून वरचा थर कोरडा दिसतो. पाऊल उचलले की कण पुन्हा खाली बसतात आणि ठशात पाणी डबडबते. ब्रिटिश शास्त्रज्ञ ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८५ मध्ये या गुणधर्माचे स्पष्टीकरण दिले, आणि शाळकरी मुलाला ते मालवणच्या वाळूत एका पावलात पडताळून पाहता येते.

याच पट्ट्यावर जोंधळ्याच्या दाण्याएवढ्या वाळूच्या गोळ्यांची रांगोळी पसरलेली दिसते. ती नखाएवढ्या खेकड्यांची कामगिरी असते. पाणी ओसरताच हे खेकडे बिळातून वर येतात, वाळू तोंडाशी नेऊन तिच्यातील सूक्ष्म शेवाळ व जैविक अंश खाऊन घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतात, म्हणजे एकदा चाळलेली वाळू चुकून पुन्हा चाळावी लागत नाही. बिळापासून बाहेर व पुन्हा आत अशी त्यांची ये-जा चालत असल्याने गोळ्या चक्राच्या आऱ्यांसारख्या मांडल्या जातात. गोळ्या किती दूरवर पसरल्या आहेत यावरून पाणी ओसरून किती वेळ झाला याचाही अदमास घेता येतो, कारण पुढच्या भरतीला ही रांगोळी पुसून जाते.

मालवणच्या दक्षिणेकडे, विशेषतः तारकर्लीच्या बाजूला, वाळू पांढरट दिसते, तर मध्येच तिच्यात काळ्या रेघा उमटलेल्या असतात. दख्खनच्या काळ्या बेसॉल्ट खडकाचा थर सिंधुदुर्ग जिल्ह्यात दक्षिणेकडे संपत जातो आणि त्याखालचे गारगोटीयुक्त जुने खडक उघडे पडतात. त्यांचा चुरा म्हणजे ही पांढरी वाळू होय. काळ्या रेघांत लोहयुक्त जड खनिजे असतात. सुपात धान्य पाखडताना हलका कोंडा पुढे उडतो आणि जड दाणे मागे राहतात, तशी मागे फिरणारी लाट हलके पांढरे कण नेते आणि जड काळे कण जागीच सोडते. जुन्या स्पीकरमधले चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून या रेघेवरून फिरवले, तर पिशवीला काळी लव फुटावी तसे कण चिकटतात. पिशवी उलटी केली की ते सुटतात.

खडकातील मजले

शहराच्या उत्तर अंगाला राजकोट किल्ल्याजवळील रॉक गार्डन आणि तेथून पुढे चिवल्याचा चंद्रकोरी किनारा हा दुसरा सोयीचा टप्पा आहे, आणि तेथे वाळूऐवजी खडक वाचायचा असतो. भरती-ओहोटीच्या मधल्या खडकावर जीवांची वस्ती मजल्यांसारखी विभागलेली असते. वरच्या मजल्यावर फक्त उधाणाचे पाणी पोहोचते, म्हणून तेथे बराच काळ कोरडे राहू शकणारे, पाण्याचा साठा कवचात बंद करून बसणारे बारीक शंख आढळतात. त्याखाली दगडाला चिकटलेली, ज्वालामुखीच्या मुखासारखी दिसणारी बार्नेकलची पांढरी घरे आणि कालवांचे धारदार कवच यांचा थर असतो. अगदी खाली, जेथे पाणी क्वचितच पूर्ण ओसरते, तेथे शेवाळ आणि डबक्यांतील समुद्रफुले दिसतात. फूल म्हटले तरी तो प्राणी असतो आणि त्याच्या पाकळ्या हे भक्ष्य पकडणारे हात असतात. एखादा जीव किती वर राहू शकतो हे उन्हात किती तग धरता येतो यावर, आणि किती खाली राहू शकतो हे बहुधा शेजाऱ्यांच्या गर्दीवर व शिकाऱ्यांवर ठरते.

कालवांच्या कडा पात्यासारख्या असल्याने येथे मुलांच्या पायांत घट्ट चप्पल वा बूट असावेत, आणि हिरव्या शेवाळावर पाय टाकण्यापूर्वी हाताने आधार घ्यावा. शंख गोळा करण्याचा मोह आवरावा असे सांगितले जाते त्यालाही स्पष्ट कारण आहे. काही खेकड्यांचे पोट मऊ असते व ते रिकाम्या शंखात राहतात, वाढ झाली की मोठ्या शंखात स्थलांतर करतात. किनाऱ्यावरून पिशवीभर शंख नेले की त्यांची घरेच नेल्यासारखे होते. मालवणसमोरील समुद्राचा २९ चौरस किलोमीटरहून थोडा अधिक भाग १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालेला आहे, तो अशाच जीवांच्या विपुलतेमुळे.

शांत दिसणारे पाणी

चालून दमल्यावर मुले पाण्यात उतरतातच, आणि तेथे नजरेला नेमकी उलटी सवय लावावी लागते. फेसाळणाऱ्या लाटांची भीती वाटते व त्यांच्या मधला, लाटा न फुटणारा, गडद रंगाचा शांत पट्टा सुरक्षित वाटतो. पण रिप करंट म्हणजे समुद्राकडे ओढणारा प्रवाह असतो तो बहुधा त्याच पट्ट्यात. अंगणात घागरीमागून घागरी पाणी ओतले, तर ते पसरते सर्वत्र, पण बाहेर पडते एकाच चिंचोळ्या पाटाने आणि तेथे त्याला जोर येतो. लाटा किनाऱ्यावर आणून टाकत असलेले पाणीही असेच वाळूच्या दांड्यांमधील खोलगट फटीतून परत जाते. ती जागा खोल असल्यामुळे तेथे लाट फुटत नाही, आणि म्हणून ती शांत दिसते.

हा प्रवाह माणसाला तळाशी नेत नाही, तो फक्त आत नेतो. बुडण्याचे कारण बहुतेक वेळा त्याच्याविरुद्ध पोहून आलेला थकवा हे असते. सापडलेल्याने अंग सैल सोडून तरंगावे, हात वर करून मदत मागावी आणि पोहायचेच तर किनाऱ्याला समांतर पोहून लाटा फुटत असलेल्या बाजूला यावे, कारण तेथील पाणी किनाऱ्याकडे येत असते. किनाऱ्यावरील माणसाने मागोमाग उडी न घेता दोर, रिकामा कॅन किंवा तरंगणारी कोणतीही वस्तू फेकावी. पावसाळ्यात हे प्रवाह जोरदार आणि बेभरवशाचे होतात. त्या दिवसांत सिंधुदुर्गाकडे जाणाऱ्या होड्याही बंद असतात, आणि ज्या पाण्यात मालवणचा दर्यावर्दी होडी घालत नाही त्यात पर्यटकाने गुडघाभरही उतरू नये.

दोन पाण्यांमधला गाव

मालवणच्या दक्षिणेस सुमारे सात किलोमीटरवर तारकर्ली व तिच्यापुढे देवबाग आहे. देवबाग हा वाळूच्या दांड्यावर वसलेला गाव आहे. लाटा किनाऱ्यावर तिरप्या येतात आणि सरळ मागे फिरतात, त्यामुळे वाळूचा प्रत्येक कण करवतीच्या दातांसारख्या मार्गाने किनाऱ्याच्या कडेने पुढे सरकत राहतो. नदीच्या मुखाशी पोहोचल्यावर पाण्याचा जोर मोडतो, वाळू खाली बसते आणि जिभेसारखा निमुळता दांडा तयार होतो. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि टोकाला दोघांचा संगम, अशी देवबागची रचना त्यातून झाली आहे. उत्तरेकडे तोंडवळी-तळाशील येथेही गड नदीची खाडी आणि समुद्र यांच्यामध्ये असाच दांडा आहे.

कुटुंबासाठी देवबागची वाट सर्वांत सोपी आहे, कारण वाळू सपाट आहे, थकवा आल्यास कोठेही माडांच्या सावलीत वळता येते, आणि जाताना समुद्राच्या बाजूने व येताना नदीच्या बाजूने येऊन एकाच फेरीत खवळते व संथ अशी दोन्ही पाणी दिसतात. दोन्हीकडे खारे पाणी असूनही गावातील विहिरींना गोडे पाणी का, हा प्रश्न येथे सहज पडतो. पावसाचे पाणी वाळूत मुरते व आतील खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने त्याच्यात न मिसळता त्यावर तरंगत राहते. ताकावरच्या लोण्याच्या गोळ्याचा थोडाच भाग वर दिसतो आणि बाकीचा ताकात बुडालेला असतो, त्याप्रमाणे वाळूतील गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीहून एक हात वर असेल, तर तात्त्विकदृष्ट्या त्याच्याखाली चाळीस हात गोडे पाणी असू शकते, कारण समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा चाळिसाव्या हिश्शाने जड असते. पण हा साठा दरवर्षीच्या पावसावरच टिकतो. पंपाने तो भराभर उपसला की खालचे खारे पाणी वर चढते आणि एकदा खारावलेली विहीर गोडी व्हायला फार काळ जातो. पर्यटकांच्या निवासांची संख्या वाढत असताना या गावाने आपल्या विहिरी जपणे आणि पाहुण्यांनी नळ जपून वापरणे, हे दोन्ही येथे सौजन्याच्या पलीकडचे, गरजेचे आहे.

देवबागचा किनारा वर्षभर एकसारखाही नसतो. पावसाळी लाटा उंच आणि एकामागून एक आदळत असल्याने वाळूला पाणी जिरवायला उसंत मिळत नाही, परतणारी लाट वाळू घेऊन जाते व थोड्या अंतरावर पाण्याखाली साठवते. हिवाळ्यातील लांब व मंद लाटा तीच वाळू थोडी-थोडी करून परत आणतात. म्हणून गणपतीनंतर लगेच येणाऱ्याला अरुंद, उभ्या उताराचा किनारा दिसतो आणि फेब्रुवारीत येणाऱ्याला रुंद व सपाट. ही देवघेव ज्या वर्षी बरोबरीची होत नाही, त्या वर्षी माड मुळांसकट समुद्रात जातात; देवबागच्या रहिवाशांनी ते पाहिले आहे आणि दगडी बंधाऱ्यांची मागणी त्यातूनच पुढे आली आहे. संगमाजवळील ज्या वाळूच्या उंचवट्याला त्सुनामी बेट म्हणतात, त्याचे नाव २००४ च्या त्सुनामीशी जोडले गेले असले, तरी नदीच्या मुखाशी वाळू साचून असे उंचवटे घडणे आणि मोडणे हा नित्याचा व्यवहार आहे, आणि भरतीत त्या बेटावरही पाणी चढते.

अंधार पडल्यावर

उधाणाच्या दिवसांतील ओहोटी सायंकाळी येत असल्याने परतीला बहुधा अंधार होतो. हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, वेंगुर्ल्याच्या वायंगणीपासून देवगडच्या तांबळडेगपर्यंत, ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री वाळूत अंडी घालायला येतात, आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर पडतात. रात्रीचा समुद्र जमिनीपेक्षा किंचित उजळ असतो, म्हणून पिल्लू उजेडाच्या दिशेने चालू लागते; किनाऱ्यावरील दिवा किंवा मोबाइलचा झोत समुद्रापेक्षा प्रखर असला, की ते उलट्या दिशेला, माडांकडे निघते. मादीही प्रकाश व गडबड पाहून अंडी न घालताच परतते.

वाळूवर चालायला टॉर्चची गरज वाटते तितकी नसते. ती विझवून दहा-पंधरा मिनिटे थांबले, की डोळे अंधाराला सरावतात, लाटेच्या फेसाची पांढरी रेघ स्पष्ट होते, आणि तिच्या अलीकडचा तो टणक ओलसर पट्टा पायांना आपोआप सापडतो.